फटफटीची साखळी आणि घरचं वंगण



आपल्या गावाकडे एक जुनी रीत होती. बैलगाडी लांबच्या वाटेला काढायची म्हटली, की गाडीवान आदल्या संध्याकाळी चाक उतरवी, आसाला वंगण घाली, आणि मगच जेवायला बसे. गाडीला वंगण नसलं तर चाक ओरडायचं, आस झिजायचा, बैलांना ओढ जड व्हायची. हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नव्हतं. वडिलांनी केलं ते पाहून तो शिकला होता.

आज अंगणात बैलगाडीच्या जागी मोटारसायकल उभी असते. दूध डेअरीला तीच नेते, खताची गोणी तीच आणते, आजारी माणसाला दवाखान्यात तीच पोचवते. डोंगरापलीकडच्या वाडीवरच्या शाळेत गुरुजी आणि बाई वेळेवर पोचतात त्या तिच्याच जोरावर. पण तिच्या वंगणाची रीत मात्र आपण घरात लावून घेतलेली नाही. पेट्रोल आपण न चुकता भरतो, रविवारी ती धुतो, टाकीवर हारही घालतो. इंजिनाची सगळी ताकद ज्या साखळीतून मागच्या चाकाला मिळते, त्या साखळीकडे मात्र ती खडखडायला लागेपर्यंत कुणी पाहत नाही. आज या साखळीविषयी चार गोष्टी सांगतो.

प्रथम माझी स्वतःची एक चूक सांगतो, कारण या भाषणाचं खरं कारण तीच आहे. माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीचं टोक नाही. मी शाळेत मुलांना यंत्रांचे धडे शिकवत असे, म्हणजे मला कळत नव्हतं असं नाही. पावसाळ्यातला एक रविवार होता. गाडी डबल स्टँडवर लावली, इंजिन चालू केलं, गिअर टाकला आणि फिरत्या साखळीवर फडकं धरलं. मनात म्हटलं, साखळी आपोआप फिरते आहे, आपण नुसतं धरायचं, दोन मिनिटांत लख्ख होईल. फडक्याचं एक सूत दात्यांत अडकलं. फडकं आत गेलं आणि फडक्याबरोबर बोट. ओरडायच्या आतच सगळं होऊन गेलं होतं. पुढे कित्येक महिने खडू धरताना तो प्रसंग आठवत असे.

नंतर शांतपणे मी त्याचं गणित मांडलं. इंजिन अगदी मंद चालत असलं, तरी शंभर सीसीच्या गाडीची साखळी पहिल्या गिअरमध्ये सेकंदाला साधारण तीस सेंटीमीटर सरकते. वरचा गिअर असला तर मीटरभर. म्हणजे बोट दात्यांपासून वीतभर लांब असलं, तरी ते ओढलं जायला फार तर पाऊण सेकंद लागतो. तेवढ्या वेळात हात मागे घ्यायचा विचारसुद्धा पुरा होत नाही. म्हणून आज दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण एवढं घट्ट धरून ठेवा: साखळीचं कोणतंही काम करताना इंजिन बंद, किल्ली खिशात आणि गाडी न्यूट्रलमध्ये. चाक फिरवायचं ते हातानं. आणि फिरवतानाही दुसऱ्या हाताची बोटं दात्यांजवळ न्यायची नाहीत. शेजारी लहान मूल बसलं असेल तर त्याला आधी दूर बसवा. चाक फिरताना पाहून त्यात बोट घालण्याचा मोह मुलांना होतोच.

आता ही साखळी आहे तरी काय ते पाहू. जुन्या विहिरीवरचं रहाटगाडगं ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना हे लगेच कळेल. चाक फिरतं आणि त्यावरून मडक्यांची माळ एकसारखी वरखाली जाते. इथे मडक्यांच्या जागी पोलादी कड्या आहेत, आणि चाकांना दाते आहेत. हिला रोलर चेन म्हणतात. मूळचे स्वित्झर्लंडचे पण इंग्लंडात मँचेस्टरला कारखाना काढलेले हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली हिचा आजचा घाट बसवला. प्रत्येक सांध्यात एक बारीक खिळा असतो, त्याला पिन म्हणतात. पिनेवर एक नळी, आणि त्या नळीवर सुटी फिरणारी दुसरी नळी, तो रोलर. दात्याला टेकतो तो हा रोलर. तो स्वतः फिरत असल्यामुळे घासणं कमी होतं. सव्वाशेहून अधिक वर्षं झाली, पण मूळ रचना तीच राहिली आहे.

आपल्याकडच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांच्या साखळीत एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर १२.७ मिलिमीटर, म्हणजे बरोबर अर्धा इंच असतं. सायकलच्या साखळीतही तेच असतं. शिक्षक मित्रहो, हा अर्धा इंच ध्यानात ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे.

लोक म्हणतात, "साखळी ताणली गेली." खरं पाहता पोलादाच्या पट्ट्या काही रबरासारख्या ताणत नाहीत. झिजते ती पिन, आणि पिनेवरची नळी. समजा साखळीत ११० सांधे आहेत, आणि प्रत्येक सांधा फक्त एक दशांश मिलिमीटर, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीइतका झिजला. मग सगळी साखळी ११ मिलिमीटरनं लांब झाली. बोटभर झोळ पडला तो असा, कागदाएवढ्या झिजेतून.

आणि झिजायला कारणही तसंच आहे. मागच्या चाकाच्या चक्रीला ४२ दाते धरले, तर एक किलोमीटर चालताना साखळी सुमारे दोनशे वेळा पूर्ण फिरते. दर फेरीत प्रत्येक सांधा चार वेळा वाकतो किंवा सरळ होतो: पुढच्या चक्रीवर चढताना, उतरताना, आणि तसंच मागच्या चक्रीवर. म्हणजे किलोमीटरला आठशे वेळा. पाचशे किलोमीटरमध्ये चार लाख वेळा! त्यात तेल नसेल आणि शेताच्या वाटेवरची माती असेल, तर प्रत्येक वाकण्यात ती माती कानसीसारखी आतून घासत राहते.

आता पहिलं घरगुती काम, वंगण.

साखळी दोन प्रकारची असते. एक साधी. दुसरीत प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना रबराच्या बारीक कड्या असतात. त्यांना ओ-रिंग म्हणतात, आणि आतलं ग्रीस त्या कोंडून ठेवतात. आपली कोणती ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत पाहावं. ती पुस्तिका अनेक घरांत प्लॅस्टिकच्या पिशवीत जशीच्या तशी पडलेली असते. ती बाहेर काढा. मी सांगतो त्याच्याहून तुमच्या गाडीपुरता तिचा शब्द मोठा.

साखळी मळली असेल तर रॉकेलमध्ये भिजवलेल्या ब्रशनं किंवा बाजारात मिळणाऱ्या चेन क्लीनरनं ती साफ करावी. पेट्रोल वापरू नये. ते पेट घेतं आणि ओ-रिंगचं रबरही खराब करतं. ओ-रिंगच्या साखळीला तारेचा ब्रश लावू नये, आणि सर्व्हिसिंगच्या ठिकाणच्या जोरदार पाण्याचा फवाराही तिच्यावर थेट मारू देऊ नये. साफ झाल्यावर फडक्यानं कोरडी पुसावी.

मग तेल. ९० नंबरचं गिअर ऑइल दोन्ही प्रकारच्या साखळ्यांना चालतं, किंवा साखळीसाठीचा फवारा मिळतो तो घ्यावा. तेल ओतायची जागा महत्त्वाची आहे. साखळीचा जो खालचा पदर आहे, त्याच्या वरच्या अंगावर, म्हणजे दात्यांना लागणाऱ्या आतल्या बाजूवर, पट्ट्यांच्या फटींत थेंब थेंब सोडावं आणि चाक हातानं हळूहळू फिरवावं. गाडी चालली की ते तेल बाहेरच्या बाजूला फेकलं जाताना सांध्यातून जातं. शक्य तर गाडी चालवून आल्यावर, साखळी कोमट असताना हे करावं, म्हणजे तेल आत चांगलं मुरतं. थोड्या वेळानं वरचं जास्तीचं तेल पुसून टाकावं. बाहेर राहिलेलं तेल कामाचं नसतं, ते फक्त धूळ धरतं. टायरवर आणि ब्रेकच्या ड्रमवर मात्र थेंबही पडू देऊ नका.

आता तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आम्ही तर इंजिनातून काढलेलं काळं ऑइलच घालतो, फुकटात काम होतं." बाबांनो, त्या काळ्या तेलात इंजिनाची झीज आणि काजळी असते. मळ काढायचा आणि दुसरा मळ घालायचा, यात बचत कसली? काही जण हातानं ग्रीस थापतात. ते बाहेरच बसतं, पिनेपर्यंत पोचतच नाही, आणि वर मातीचा लेप तयार होतो.

हे किती वेळा करायचं? साधारण पाचशे ते हजार किलोमीटरला एकदा, आणि गाडी ओढ्याच्या पाण्यातून किंवा दिवसभर पावसातून आली असेल तर लगेच. मी स्वतः अमावास्या-पौर्णिमा धरली आहे. तारीख विसरते, पण पौर्णिमा विसरत नाही.

दुसरं काम आहे झोळ पाहण्याचं. साखळी तारेसारखी ताठ नको आणि पाळण्यासारखी लोंबतीही नको. शंभर-सव्वाशे सीसीच्या अनेक गाड्यांना हा झोळ २० ते ३० मिलिमीटर सांगितलेला असतो. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असू शकेल, म्हणून पुस्तिका पाहावी. गाडी कोणत्या स्टँडवर ठेवून मोजायचा तेही तिथे दिलेलं असतं. बंद चेन कव्हर असेल तर खालच्या बाजूला रबराचं एक बूच असतं. ते काढलं की साखळी दिसते. खालच्या पदराच्या मध्यावर साखळी वर दाबावी, खाली ओढावी, आणि वरची खूण ते खालची खूण हे अंतर मुलांच्या पट्टीनं मोजावं. चाक थोडं थोडं फिरवून चार-पाच ठिकाणी मोजावं. साखळी सगळीकडे सारखी झिजलेली नसते. जिथे ती सगळ्यांत घट्ट लागेल, तिथलाच झोळ धरून पुढचं काम करावं.

झोळ ठेवायचाच कशाला, असा प्रश्न एका विद्यार्थ्यानं मला विचारला होता. प्रश्न चांगला होता. शिक्षक मित्रांनी हा प्रयोग वर्गात करून दाखवावा. फळ्यावर एक टिंब काढा, ती पुढची चक्री. तिच्या थोडं मागे दुसरं टिंब, तिथे मागच्या चाकाला धरणारा दांडा बिजागरीसारखा जोडलेला असतो. त्या दुसऱ्या टिंबावर पट्टीचं एक टोक धरा. पट्टीचं दुसरं टोक म्हणजे मागचं चाक. आता पट्टी खालून वर फिरवा, आणि पहिल्या टिंबापासून चाकापर्यंतचं अंतर दोऱ्यानं मोजत राहा. तिन्ही बिंदू एका रेषेत आले की अंतर सगळ्यांत जास्त भरेल. गाडी डबल स्टँडवर असताना चाक खाली लोंबतं, अंतर कमी असतं, म्हणून साखळी सैल दिसते. गाडीवर दोन माणसं आणि दुधाचे दोन कॅन बसले, की चाक वर येतं आणि साखळी घट्ट होते. रिकाम्या गाडीवरच ती ताठ केली असेल, तर भरल्या गाडीत तिला जायला जागाच उरत नाही. मग ती गिअरबॉक्सच्या आणि चाकाच्या बेअरिंगला ओढते, स्वतःही लवकर झिजते. त्यामुळे घट्ट साखळीचं नुकसान सैल साखळीपेक्षा कमी नसतं. सैल साखळी निदान खडखड करून सांगते. घट्ट साखळी मुकाट्यानं खर्च वाढवते.

तरी सैल साखळीलाही हलकं समजू नका. ती दात्यावरून उसळते, आणि एखाद्या दिवशी उतरून चक्री आणि दांडा यांच्या मध्ये अडकते. चालत्या गाडीचं मागचं चाक त्या क्षणी जाम होतं. घाटाच्या उतारावर, मागे बायको आणि पुढे मूल बसलेलं असताना हे झालं तर काय होईल, हे मी सांगायला नको.

आता साखळी घट्ट करण्याची रीत. सावकाश सांगतो, सोबत कागद-पेन्सिल असेल तर लिहून घ्या.

पहिली गोष्ट, मागच्या चाकाच्या आसाचं नट सैल करा. काढायचं नाही, फक्त सैल करायचं. त्यात पिन घातलेली असेल तर ती आधी काढा. बऱ्याच गाड्यांत साखळीच्या बाजूला आसावरच आणखी एक मोठं नट असतं, त्याला स्लीव्ह नट म्हणतात. तेही सैल करावं लागतं. ब्रेकच्या ड्रमला धरणारा दांडा असेल तर त्याचं नट सैल करा, आणि मागच्या ब्रेकच्या सळईवरचं नटही थोडं ढिलं करा. कारण चाक मागे सरकलं की ब्रेक आपोआप आवळला जातो.

दुसरी गोष्ट, चाकाच्या दोन्ही बाजूंना साखळी ताणण्याचे अ‍ॅडजस्टर आहेत. त्यांचं वरचं लॉक नट सैल करून आतलं नट फिरवायचं. एका वेळी पाव फेरा, फार तर अर्धा. आणि डावीकडे जितकं तितकंच उजवीकडे. दोन्ही दांड्यांवर बारीक रेघांच्या खुणा असतात. दोन्हीकडे चाक एकाच रेघेवर आलं पाहिजे. एक बाजू पुढे, एक मागे राहिली, तर चाक तिरपं बसतं, साखळी दात्यांच्या कडेला घासते आणि गाडी एका अंगाला ओढू लागते. बैलगाडीत एक बैल पुढे आणि एक मागे राहिला तर जू तिरपं होतं, तसंच हे.

तिसरी गोष्ट, झोळ पुन्हा मोजा. बरोबर आला की आधी स्लीव्ह नट, मग आसाचं नट घट्ट करा. नंतर अ‍ॅडजस्टरची नटं, मग ब्रेकच्या दांड्याचं नट. काढलेली पिन असेल तर नवी घाला. आणि मग पुन्हा एकदा झोळ मोजा. नट आवळताना चाक केसभर सरकतं, आणि केलेलं माप बिघडतं. पुष्कळ जण इथेच फसतात.

चौथी गोष्ट, ब्रेक. पायाखालच्या ब्रेकची मोकळी चाल पुस्तिकेप्रमाणे ठेवा. चाक हातानं फिरवून ते कुठे घासत नाही ना ते पाहा. ब्रेक दाबून मागचा लाल दिवा लागतो का, आणि सोडल्यावर विझतो का तेही पाहा. मग गाडी अंगणात हळू चालवून दोनदा ब्रेक लावून पाहा. ब्रेक पाहिल्याशिवाय रस्त्यावर जायचं नाही. आसाचं नट किती घट्ट असावं याचं माप पुस्तिकेत असतं. पहिल्यांदा घरी केलंत, तर जाता जाता ओळखीच्या मेकॅनिककडून ते एकदा तपासून घ्या. त्यात कमीपणा नाही.

साखळी जोडताना जे छोटं लॉक बसवतात, त्याकडेही नजर टाकावी. त्याचं बंद टोक साखळीच्या चालण्याच्या दिशेला हवं आणि उघडं टोक मागे. उलटं बसलं तर ते कशाला तरी लागून निघून जाऊ शकतं. ओ-रिंगच्या काही साखळ्यांना असं लॉक नसतंही.

आता साखळी बदलायची कधी? इथे तो अर्धा इंच उपयोगी पडतो. साखळी ताणून धरून वीस सांध्यांची लांबी मोजा. नवी असताना ती वीस गुणिले १२.७, म्हणजे २५४ मिलिमीटर असते. ती २५९ च्या आसपास गेली, म्हणजे दोन टक्के वाढली, की तिचं आयुष्य संपलं असं समजावं. सहावी-सातवीच्या मुलांना शेकडेवारी शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. मुलं घरी जाऊन वडिलांच्या गाडीची साखळी मोजून आणतात. चक्रीचे दातेही पाहा. ते विळ्याच्या टोकासारखे एका बाजूला वाकलेले दिसले, की चक्रीही गेली. साखळी आणि दोन्ही चक्र्या एकदमच बदलाव्यात. जुन्या दात्यांवर नवी साखळी घातली, तर ती दात्यांना नीट बसत नाही आणि वेळेआधीच खराब होते.

शेवटी माझ्या माता-भगिनींसाठी एक गोष्ट. हौसेनं काही तरुण चेन कव्हर काढून टाकतात, मागच्या चाकाजवळची साडी-गार्डची जाळीही काढतात. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्म्याहून कमी नाही इतकं चाक झाकणारं साधन असलं पाहिजे, असं १९८९ सालच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ व्या नियमानं सांगितलेलं आहे. पदर किंवा ओढणी चाकात अथवा साखळीत गेली तर मागे बसलेली बाई रस्त्यावर फेकली जाते. म्हणून गाडीवर बसण्यापूर्वी पदर खोचा, ओढणी गाठ मारून घ्या, आणि गाडीला जाळी नसेल तर ती बसवल्याशिवाय मी बसणार नाही, असं घरातल्या तरुणाला खडसावून सांगा. तुमचं तो ऐकेल.

तर मंडळी, येत्या रविवारी सकाळी न्याहारी झाली की अर्धा तास काढा. पुस्तिका, पट्टी, फडकं आणि तेलाची बाटली एवढं जवळ घ्या. किल्ली काढून खिशात टाका आणि मुलांना जरा लांबून पाहू द्या. ती पाहतील, आणि पुढे आपल्या गाडीला तसंच करतील. आसाला वंगण घालणाऱ्या त्या गाडीवानाच्या मुलानं केलं होतं, अगदी तसंच.

माझं हे अर्धं बोट मी दरवर्षी नव्या वर्गाला दाखवत आलो. आज ते आकाशवाणीवरून तुम्हाला दाखवता येत नाही, पण ऐकलंत तेवढं पुरे.